पाचवा नट आणि गार कॉफी

आदरणीय अबू फवाजदादा,

धाकट्या मिथकालचा सलाम. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि लंगडी शेळी यांची खबर तुमच्या करकहून येणाऱ्यांकडून कळते. (तुम्ही कळवत नाही. कुंपणाच्या भांडणापासून आपलं बोलणं बंद आहे, हे लक्षात आहे.) इकडे सगळं ठीक. म्हणजे माझी पोटातली जळजळ कायम, आणि पोराचं, सुहैबचं, लग्न बहुधा मोडलं.

शुक्रवारी मादबाला मुलगी मागायला निघालो. अशा वेळी पुढे असायचा तो घरातला थोरला. तुम्ही नव्हता, म्हणून निवृत्त हेडमास्तर अबू हाझिमना बसवलं. माणूस विद्वान, पण गाडी सुरू झाली की झोपतो. अर्ध्या वाटेत मागचं चाक बसलं. मी स्टेपनी लावली आणि पाना उचलला, तर मामांनी शपथ घातली, की आज वराच्या बापानं हात काळे करायचे नाहीत. मामांनी आवळलेला नट मेव्हण्यानं त्यांच्या मानाखातर पुन्हा आवळला, मेव्हण्याच्या मानाखातर मागच्या गाडीतले उतरले. पाचव्या नटावर तर हेडमास्तर जागे होऊन पान्यावर चक्क उभे राहिले. मग जॅक उतरवला, तर स्टेपनी फाटलेली. (ती आधी बघायची कोणी, हे सुहैबची आई, उम्म सुहैब, मला अजून विचारते.) चाक पुन्हा काढायला गेलो तर चार नट निघाले, पाचवा नुसता गरगर फिरे, कारण त्याच्याबरोबर आतला बोल्टही फिरत होता. मी म्हटलं, बाकीच्या गाड्या पुढे जाऊ द्या. पण वराच्या बापाला रस्त्यात टाकून जाणं शोभत नाही, म्हणून सगळेच उन्हात बसले.

शेजारच्या गावातून मिस्त्री आला. नट बघून म्हणाला, "आवळलाय की फाशी दिलीय?" त्यानं छिन्नीनं नट फोडला, ड्रम काढला आणि हातोड्यानं बोल्ट मागच्या बाजूला ठोकून पाडला. आटे पार गेले होते. नवा बोल्ट मागून घालून, पुढून नटानं ओढून बसवेपर्यंत आणि आधीच्या चाकाचं पंक्चर काढेपर्यंत दिवस कलला.

मादबाला पोचलो तेव्हा मुलीकडच्या मंडळींचे चेहरे उतरले होते. तरी हेडमास्तरांपुढे कॉफी ठेवली गेली. पाहुण्याचं मागणं मान्य होऊन "मुलगी दिली" असं ऐकल्याशिवाय तो पेला उचलायचा नसतो, हे शेंबडं पोरही जाणतं. मुलीचे आजोबा म्हणाले, "गाडीचं सोडा. मुलाचा थोरला काका जिवंत आहे ना? मग हे मास्तर कोण?" हेडमास्तरांनी पेल्याकडे पाहिलं. दिवसभराची तहान होती, त्यांनी पेला उचलला आणि पिऊन टाकला.

मग आम्ही उठून निघालो. परतताना सुहैब खिडकीतून बाहेर बघत होता. दादा, मला फार वाईट वाटलं. पण माझं काय, चालायचंच. तब्येतीला जपा.

तुमचा,
मिथकाल

ता. क. : मोडका बोल्ट फडक्यात बांधून पाठवला आहे. नाहीतर म्हणाल, मिथकाल गोष्टी रचतो.

ता. क. दुसरा : आजोबांनी निरोप धाडला आहे, की थोरला आला तर कॉफी पुन्हा ठेवू.

ता. क. शेवटचा : पत्र सुहैबच घेऊन येतो आहे. वहिनी त्याच्यापुढे कॉफी ठेवतील. तो पिणार नाही, तसं मीच सांगून धाडलंय. त्याला गार कॉफी मुळीच आवडत नाही, दादा.