रुसलेली वात आणि सिद्रामप्पाची अंधारगाडी

तुळजापूर
फाल्गुन, होळी होऊन गेली

प्रिय धुरपदे,

सगळ्यांत आधी आला तो बलभीम. दारात उभा राहिला, बोटांना रंगाचे डाग, काखेत कागदाची सुरळी, आणि सारखा मागं वळून रस्त्याकडं बघतोय. त्याच दिवशी माझ्या नातीला, चारूला बघायला लातूरकडची मंडळी यायची होती. मला वाटलं, यांच्यातला एक पुढं आला, बाकीचे मागून येतायत. मी घोंगडं अंथरलं, चुरमुऱ्याची सुशीला फोडणीला टाकली, चारूला आत पिटाळलं. तेवढ्यात दुसरा आला. पटका, झुपकेदार मिशा, पोट असं की आधी पोट आत आलं आणि मग तो. त्याला मी मुलाचा बाप धरलं. बशी हातात दिली आणि विचारत सुटले. जमीन किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, मुलगा विडी ओढतो का. बिचाऱ्यानं सगळ्याची उत्तरं दिली. जमीन कोरडवाहू, विहीर भावकीत, मुलगा ओढत न्हाय, पण हा बलभीम ओढतो, म्हणाला. चारू आत तोंडात पदर कोंबून हसत होती. तिला कळलं होतं, मला नव्हतं. वसंता कचेरीतून आला आणि म्हणाला, आई, हे तर जत्रेतले पाळणेवाले सिद्रामप्पा. तोवर दोघांनी दोन दोन बशा सुशीला संपवली होती. लातूरकर मंडळी आलीच न्हाईत, त्यांच्याकडं सुतक निघालं. ते जाऊ दे.

सोजर, बाई, तू वाचून दाखवतीयस ना? सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नको. तुझ्या सासूला गाळलेलं बरोबर कळतं. माझं अक्षर वाकडं आहे, पण ते चारूनं पाटीवर गिरवून घेतलेलं आहे. निजामाच्या राज्यात आम्हाला कोण शाळेत घालत होतं? आणि धुरपदे, माघात चारू माकणीला येऊन गेली तेव्हा तू तिच्याजवळ जो निरोप दिलास, तो मला पोचला. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी बातमी ऐक.

हा सिद्रामप्पा अक्कलकोटकडचा. आजवर जत्रेमागं जत्रा करत हिंडायचा. आता पाय दुखतात म्हणतो. देवीला बारा महिने माणूस येतं, म्हणून नळदुर्गाच्या रस्त्याला माळ धरून तिथंच त्यानं बारमाही जत्रा मांडलीय. पाटी लावलीय, "सहकुटुंब यावे". पाळणे आहेत, लाकडी घोडे आहेत, आरशाचा तंबू आहे. पण गेल्या आश्विनात त्याचे घोडे रिकामे फिरायचे आणि लेकरं माझ्या ओट्यावर. चारू मास्तरीण व्हायचं शिकते, तिच्या सरावाच्या शाळेतली पोरं मला गोष्ट सांगायला लावायची, त्यांच्या मागं यात्रेतली पण येऊन बसायची. हा माणूस आला तो मुळात बघायला की आपलं गिऱ्हाईक कोण पळवतंय. एक म्हातारी बघून लाजला. आणि मग त्यानं पोटातलं सांगितलं.

त्यानं रेल्वेच्या लिलावात एक ढकलगाडी आणि थोडे रूळ घेतलेत. रुळाची दुरुस्ती करणारी माणसं बसून जातात ना, मागून दोघं ढकलतात, तसली. एक लांबच लांब तंबू करायचा, वरून काळी घोंगडी टाकायची, आत गच्च अंधार. रूळ नागमोडी टाकायचे. माणसं गाडीत बसली की मागून ढकलायची, आणि प्रत्येक वळणाला गोष्टीतला एक तुकडा भेटायचा. एका तोंडानं आत जायचं, गोष्ट जगायची, दुसऱ्या तोंडानं उन्हात यायचं. धुरपदे, मी दळणाचं सूप बाजूला ठेवलं. मला त्याच घटकेला ती गाडी चालताना ऐकू यायला लागली.

पण बलभीमनं सुरळी सोडली आणि माझं तोंड कडू झालं. हा सोलापुरात सिनेमाच्या पाट्या रंगवतो, हात चांगला आहे. पण काढलं काय होतं, तर राक्षस, हडळ, हाडांचा सापळा, त्याच्या डोळ्यांत तांबडे दिवे. सिद्रामप्पा म्हणाला, अव्वा (त्यांच्या कानडीत आईला अव्वा म्हणतात), लोक घाबरायला हौसेनं येतात, तुम्ही फक्त भुताची एक गोष्ट जुळवून द्या. मी म्हणाले, देणार न्हाय. लेकरू अंधारात आईला बिलगलं तर चांगलंच, पण अंधारालाच भ्यायला शिकलं तर जन्मभर मागं बघत चालेल. गोष्ट मी देईन, चांगली देईन, पण भूत न्हाय आणि चित्र पण न्हाय. आत काही दिसता कामा नये. बलभीमचा चेहरा असा पडला की त्याला आणखी सुशीला वाढावी लागली. मग मीच म्हणाले, बाबा, तुझं चित्र बाहेर, तंबूच्या तोंडावर, आडवं, वीस हाताचं, उन्हात. आत मात्र तुझे रंग न्हाईत, तुझे हात लागतील. तेव्हा जरा ताठ बसला.

आणि कोणती गोष्ट दिली, ते तू ओळखलंच असशील. रुसलेल्या वातीची. माहेरी काटीला आपली दोन्ही घरं एका भिंतीची, आणि तुमच्या सोप्यात ते एक जातं. पहाटे तेल वाचावं म्हणून दिवा लावायचा न्हाय. एका खुंट्याला तुझा हात आणि माझा हात, जात्यात दाण्याची वैरण घालायची ती चाचपून. एकदा मी अंधाराला लई भ्याले, तर तू म्हणालीस, भिऊ नको, आपली वात रुसून गेलीय, आणि सगुणी नावाची पोर तिला शोधायला निघालीय. तिथनं ती गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी दिवा लावला पण कुणी हात जोडले न्हाईत, म्हणून वात रुसली, कोनाड्यातनं उतरली आणि विझून चालती झाली. विझलेली वात दिसणार कशी? मग सगुणी विझल्या वातीच्या वासामागं निघाली. मेंढवाड्यातनं, जोंधळ्यातनं, गुऱ्हाळावरनं, शेवटी पायऱ्यांच्या बारवेत. रोज एक तुकडा तू जोडायचीस, एक मी.

सिद्रामप्पाला हे सांगून पटेना. म्हणाला, माणसं तिकीट काढून बसतील आणि काहीच दिसलं न्हाय तर पैसे परत मागतील. मी बोलत बसले न्हाय. त्याचाच पटका सोडायला लावला आणि त्याच्या डोळ्यांवर बांधला. वसंता म्हणाला, आई, अगं पाहुणे आहेत. म्हणाले, असू देत. हाताला धरून त्याला परसात नेला आणि शेळीच्या पाठीवर हात ठेवला. एवढा मिशाळ गडी, असा ओरडला की शेळी दावं तोडून पळाली आणि शेजारची म्हातारी कोण मेलं म्हणून धावत आली. पण पुढं शांत झाला. चिमण्यांसाठी आढ्याला जोंधळ्याची कणसं टांगलीत, ती गालाला लागली तेव्हा हसला. चुलीपाशी गुळाची ढेप फोडून त्याच्या नाकाखाली धरली, तर म्हणाला, हे आमच्या मामाचं गुऱ्हाळ. मग न्हाणीत नेलं. तिथं रांजण पाझरतो, खाली फरशीला गार ओल असते, थेंबाचा आवाज घुमतो. मी एक वात पेटवून फुंकली आणि म्हणाले, ही बारव, सगुणी शेवटच्या पायरीवर उभी आहे, वास इथंच आहे. मोठा माणूस, डोळ्यांवर पटका, दगडावर बसून राहिला. पटका सोडीना. आणि हळूच म्हणाला, "अव्वा, मग वात सापडली का न्हाय?"

आणि धुरपदे, मला सांगताच येईना.

तेव्हा मला उमगलं की मला या गोष्टीचा शेवटच ठाऊक न्हाय. कसा असेल? तुझी आई म्हणायची, जात्यावर गोष्ट संपली की कणगी संपते. म्हणून रोज बारवेच्या पायरीवर आणून सोडायचो आणि पीठ भरायला उठायचो. पुढं दिवाळीला माहेरी भेटलो तरी तिथंच सोडायचो. सगळा जन्म मी त्या पोरीला पायरीवर उभी करून ठेवली आणि मनात धरून चालले की मला सगळी गोष्ट येते.

शेवट एकदाच सांगितला गेलाय, आणि तो तू सांगितलास. रझाकारांच्या साली मी चारूला घेऊन तुझ्याकडं माकणीला आले होते. गावात आरडाओरडा झाला आणि आपण गल्लीतली सगळी लेकरं तुझ्या दाण्याच्या बळदात कोंबली. बळदात ना खिडकी, ना दिवा. तू आत बसलीस, मी दाराच्या फटीला कान लावून उभी. बाहेर घोडी फिरत होती. आतनं तुझा आवाज येत होता, जात्यावरचाच. एक पोर रडलं न्हाय. माझा सगळा जीव बाहेरच्या टापांकडं होता, मी तुझा एक शब्द ऐकला न्हाय. त्या दिवशी तू गोष्ट संपवलीस, एवढंच ठाऊक, कारण बाहेर पडल्यावर मी विचारलं होतं आणि तू म्हणालीस, संपवली बाई, आज संपवावी लागली. मग आपण दोघी रडत बसलो आणि शेवट विचारायचा राहिला. परवा चारूला विचारलं, ती तेव्हा पाच वर्षांची होती. म्हणते, आजी, गोष्ट न्हाय आठवत, पण धुरपदा आजीचा हात आठवतो. अंधारात एकेकाच्या डोक्यावरनं फिरत होता.

सिद्रामप्पा माणूस चांगला आहे, पण धंद्याचा आहे. म्हणाला, गाडी मधेच थांबवून चालत न्हाय, शेवटचं वळण पाहिजेच. मला शेवट दिलात तर सगळी गाडी तुमच्या म्हणण्यासारखी करतो, न्हायतर शेवटच्या वळणाला बलभीमचा सापळा उभा करतो, लाल दिवा घेतलेला. वात सापडली म्हणायला तोच बरा! माझ्या अंगाचा भडका उडाला. सगुणीनं एवढं चालून जायचं आणि शेवटी तिला सापळा भेटायचा? मी म्हणाले, शेवट मिळेल, तू रूळ टाकायला घे. चारू म्हणाली, आजी, तूच एखादा जुळव की, तुला काय अवघड आहे. जुळवले गं, तीन जुळवले. एक पण त्या पायरीवर टिकेना. बाकी गोष्टी मला इतक्या सुचतात सध्या! कुठंही गोष्ट दिसली की मी तिला रूळ बसवते. एक म्हैस तळं पाठीवर घेऊन पळते, तिची गाडी हिंदकळली पाहिजे. चिंचेच्या झाडाचं लगीन, तिथं वाजंत्री दूर दूर जात राहिली पाहिजे. ते सगळं पुढच्या साली. आधी ही. बलभीम तर आता नादावलाय, परवा मेंढवाड्यासाठी धनगराकडनं लोकर घेऊन गेला, बारवेच्या गारव्याला वाळ्याचे पडदे भिजवून कसे टांगायचे ते विचारून गेला, आणि भोपळ्यातनं घोड्याचा केस ओढून बेडकाचा आवाज काढतो, सोलापूरच्या गल्लीत पोरं त्याच्यामागं फिरतात म्हणे.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर. तू म्हणालीस, द्वारकीला सांग, तुळजापुरात येऊन आता मी काय बघू? दोन्ही डोळ्यांतलं तेज गेलं, आता जत्रा काय आणि घर काय, सारखंच. चारूनं मला सगळं सांगितलं. तू ओसरीवर सुद्धा येत न्हाईस, सोजरला हात धरू देत न्हाईस, दिवसभर बळदाच्या दाराशी बसून असतीस आणि बोलायचं सोडलंयस. आणि तशात हा सिद्रामप्पा अंधाराची गाडी घेऊन दारात आला. आता कळलं का, मी चित्राला का अडून बसले? माझ्या ओट्यावरच्या पोरांना चित्र चाललं असतं. तुला चाललं नसतं. सगळ्या जिल्ह्यात अशी एक तरी जागा पाहिजे, जिथं डोळे असणाऱ्याला तुझ्यापेक्षा काडीचं जास्त दिसणार न्हाय आणि वाट फक्त तुला ठाऊक असेल. शेवट सोजरकडनं कागदावर लिहून धाडू नको. धाडलास तर मी वाचणार न्हाय, चुलीत घालीन. तू ये. तुझ्या तोंडानं त्या दोघांना सांग, आणि पहिल्या गाडीत पुढं तू बस. मी तुझ्या शेजारी बसेन, कारण म्हातारी झाले तरी अंधाराला मी अजून भिते आणि हात धरायला मला तूच लागतीस. वसंता एसटीनं पाडव्याच्या दोन दिवस आधी माकणीला येतोय, सोजर, तिचं लुगडं आणि काठी बांधून ठेव, आणि ती न्हाय म्हणाली तर म्हणू दे, वसंताला मी सांगून ठेवलंय की मावशीला घेतल्याबिगर आमच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाय. सिद्रामप्पा आणि बलभीम जाताना दारात थांबून म्हणाले, अव्वा, शेवट तयार ठेवा, गुढी उभारून झाली की आम्ही येतो, पाडव्याला.

तुझीच, खुंट्याला हात लावून बसलेली,
द्वारका