आईंना भरवायचं आहे

अहो,

मी दुपारच्या पाळीला महाडला जातेय, तुम्ही मुंबईहून याल तेव्हा घरी नसेन. फोनवर बोलता आलं नाही, आई शेजारीच असतात.

मंगळवारी नर्सबाई आल्या होत्या. म्हातारी माणसं आपलं आपण किती करतात, ते विचारत होत्या. आई म्हणाल्या, "आंघोळ, लुगडं, जेवण, माझं मीच करते." नर्सबाईंनी माझ्याकडं बघितलं. खरं तेच सांग असं तुम्ही बजावलं होतंत. मी सांगितलं की आंघोळ मी घालते, लुगडं मी नेसवते, जेवतात तेवढ्या आपल्या हातानं, पण सांडतं.

त्या गेल्यावर ताट वाढलं, तर आईंनी हात लावला नाही. म्हणाल्या, "तूच सांगितलंस ना गो, मला काय जमत नाय म्हणून. मग तूच भरव."

तेव्हापासून मीच भरवतेय. पाया पडून झालं, रडून झालं. वापरले नाहीत तर हात आखडतील, असं नर्सबाई म्हणतात. मी आईंना तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आखडू देत."

पेज झाकून ठेवलीय, कोमट करून घ्या. तुम्ही समजावून बघा, पण ऐकतील असं वाटत नाही. भरवताना त्या तोंड उघडतील, पण तुमच्याकडं बघणार नाहीत.

तेजश्री