दक्षिणेची खिडकी

रोटोटुना, हॅमिल्टन
शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०१७

तीर्थस्वरूप जगदीशमामांस,

इरावतीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी जिना चढू देतात का? टाइप केलेलं तुम्हाला वाचवत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. (लिहिलेलं मी खोडत नाही, हे रोजनिशीने लावलेलं वळण.)

इकडे सगळे खुशाल, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. ऑगस्टअखेर तुमच्या सांगण्याप्रमाणे टोमॅटोचं बी बारा कुंड्यांत पेरलं आणि रोपं वर येताच, "दक्षिणेच्या खिडकीत ठेव, दिवसभर ऊन लागेल," या तुमच्या वाक्याबरहुकूम कपडे धुण्याच्या खोलीतल्या दक्षिणेच्या खिडकीत मांडली. तेव्हापासून पाऊस आहे. (असा गार, तिरका की टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाहीत.) रोपं वीतभर झाली, पण दोऱ्यासारखी, उजेड शोधत नुसती लांबत गेली आणि माना टाकून पडली. मी त्यांना आइस्क्रीमच्या काड्या बांधल्या.

आमच्या बाबांनी (म्हणजे सासऱ्यांनी, मेपासून ते इथेच आहेत) पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की इरावती, इथे विषुववृत्ताच्या खाली ऊन उत्तरेकडून येतं, माझ्या खोलीत ठेव. त्यावर मी काय बोलले ते रोजनिशीत शब्दशः आहे: "बाबा, मामांनी तीस वर्षं शेतकी कॉलेजात शिकवलंय. तुम्ही बँकेत होतात." आवाज चढला नव्हता, असं पुढे लिहिलंय. दुसऱ्या दिवशी त्याखाली लिहिलंय, चढला होता.

तेव्हापासून बाबा माझ्याशी "मीठ दे" एवढंच बोलतात. गेल्या रविवारी त्यांनी लेकाला, देवव्रतला सांगितलं, डिसेंबरचं तिकीट अलीकडे आण, मी दिवाळी पुण्याला करतो. देवव्रतने सोमवारपर्यंत थांबू या म्हणून कसंबसं थोपवलंय, आणि माझ्याकडे बघणं सोडलंय.

काल जेवताना आमची अनुष्का (वय अकरा) म्हणाली, "आई, सन इकडे नॉर्थला असतो. इयर फोरमध्येच शिकवलं. एव्हरीवन नोज." बाबांनी मीठ मागितलं.

मला हे माहीत नव्हतं का? नऊ वर्षं इथे कपडे वाळत घालते आहे, माहीत होतं. मग मी एका वडीलधाऱ्याचा शब्द पाळला, की दुसऱ्याला गप्प करायला तो वापरला? उत्तर कालपासून लिहवत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. बारांपैकी चार रोपं बुटकी, जाड देठांची, गर्द हिरवी आहेत. त्याच खिडकीत, त्याच पाण्यावर. ते यश तुमचं.

तुमची भाची,
इरावती

ता. क. मुख्य मुद्दा राहिलाच. सोमवारच्या आत बाबांना फोन करून, "तिकडचं माझ्या ध्यानात आलं नाही, तुमचंच बरोबर होतं," एवढं म्हणाल का? मी सुचवलं हे सांगू नका. माझ्याच्याने ते म्हणवत नाही.

ता. क. २. फोन करू नका. डोकं दुखत होतं म्हणून मी ऑफिसातून दुपारीच घरी आले. बाबांच्या खोलीचं दार उघडं. ती चार रोपं त्यांच्या खिडकीत, आणि बाबा कानटोपी घालून समोर बसून एकेक कुंडी जराशी वळवत होते. म्हणजे रोज मी गेले की नेतात आणि मी यायच्या आत परत ठेवतात. मला बघून म्हणाले, "आलीस? अजून तासभर उजेड घेऊ दे. मग पोचवतो तुझ्या मामांच्या खिडकीत." बाकीची आठ का नाही आणलीत, असं मी विचारलं. "इथे चारच मावतात. बाकीच्यांनी रांग लावायची. बँकेतला माणूस आहे मी."

मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं." (आवाज चढला नव्हता.) त्यांनी आणखी एक कुंडी वळवली. "लेबर वीकेंडच्या सुट्टीआधी रोपं बाहेर लावत नाहीत म्हणे इथे. तो दिवाळीनंतर येतो. तोवर ही वळवणार कोण? देवव्रतला सांग, तिकीट राहू दे."

ता. क. ३. फोन कराच. लांबलेली आठ रोपं कशी जगवायची ते तुम्हाला ठाऊक असणारच. पण मला सांगू नका. बाबांना सांगा. मी त्यांना विचारणार आहे.