सुतळीला बांधलेलं पेन

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की डहाणूच्या त्या दवाखान्यात तुम्हाला ओळखणारं आता कुणी उरलं नाही. मी उरलेय, पण मसोलीला घरी बसून असते. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. चार यत्ता शिकलेली मी, तेव्हा अक्षर जसं येईल तसं चालवून घ्या.

तुम्ही वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर, मी फरशी पुसणारी, कात्र्या-चिमटे उकळणारी आया. तुमची एक खोड होती. तपासणीची वही तुम्ही कधी टेबलावर ठेवू दिली नाहीत. ऑक्सिजनची वही सिलेंडरच्या गळ्यात, उकळायची वही स्टोच्या वरच्या खिळ्याला, आणि प्रत्येक वहीला सुतळीने बांधलेलं पेन. म्हणायचात, "खूण करायची तर वस्तूपाशी यायचं. खुर्चीतून सिलेंडरचा काटा दिसत नाही." डॉक्टर हसायचे. "सिस्टर, बकऱ्या बांधल्यात का?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "बकरी सुटली तर पाला खाते, डॉक्टर. पेन सुटलं तर माणूस खातं."

माझी नात आता तलासरीकडच्या एका दवाखान्यात तुमच्यासारखीच मोठी सिस्टर आहे. व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन आली, सर्टिफिकेट चौकटीत घालून भिंतीला लावलंय. हाताखालच्या माणसांना कसं सांभाळावं ते तिला इंग्रजीतून पाठ आहे. तिची वही टेबलावर असते. सोमवारी सकाळीच आयाला सांगते, "मावशी, आठवड्याच्या सगळ्या खुणा करून टाका, तपासणीवाले कधी उगवतील सांगता येत नाही." मागच्या महिन्यात हायवेवर गाडीने उडवलेल्या एका माणसाला आणलं. शुक्रवार होता. वहीत शुक्रवारची खूण होती, सिलेंडर रिकामा होता. दुसरा आणेपर्यंत माणूस गेला.

काल त्याची चौकशी झाली. नात घरी आली, हातपाय धुतले, भाकरी-सुकट घेऊन बसली. मी विचारलं, "काय ठरलं?"

"मावशीला कामावरून काढलं."

"खुणा कुणी करायला लावल्या ते सांगितलंस?"

"आजी, वहीत हात तिचा आहे."

"आणि जीभ कुणाची होती?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाली, "तुझ्या वेळी सोपं होतं."

त्यावर मी तिला तुमची गोष्ट सांगणार होते. रानशेतची ती बाळंतीण. दवाखान्यात टाके घातले आणि तिसऱ्या दिवशी पू झाला, अंग भट्टीसारखं तापलं. ती वाचली, पण पुन्हा तिची कूस उजवली नाही. मोठे साहेब आले, सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, कात्र्या कुणी उकळल्या? मी तुमच्या मागे सरकतेय. तुम्ही एक पाऊल पुढे येताय. म्हणताय, "वॉर्ड माझा आहे साहेब, चूकही माझीच लिहा." तुमची बदली झाली लांब, तुमच्या म्हाताऱ्या आईला इथेच ठेवून. जाताना स्टोवरच्या वहीचं पेन सुतळीसकट माझ्या हातात दिलंत. "पाणी उकळलं होतं ना ग?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, "उकळलं होतं, बाई." तुम्ही म्हणालात, "मग झालं."

हे सगळं नातीला सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सांगितलं असतं तर तिने पुढचं विचारलंच असतं. पोरगी हुशार आहे. ताट उचलून गेली. आज सकाळी तलासरीच्या बसला गेली, कामावरून काढलेल्या त्या बाईचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. मीही काढलं नाही.

पेनातली शाई कधीच वाळली. सुतळी अजून धड आहे. हे दुसऱ्या पेनाने लिहितेय आणि लिहून झालं की चुलीत घालणार, नातीच्या हाती लागायला नको.

तिला टाके घातले त्या दिवशी स्टोतलं रॉकेल मध्येच संपलं होतं. नवीन आणायला मागच्या खोलीपर्यंत जायचा मला कंटाळा आला. वही डोळ्यांसमोर होती, पेन हाताशी होतं, भांड्यात बोट घातलं तर पाणी कोमट. तिथेच उभं राहून मी खूण केली.

पाणी उकळलं नव्हतं, बाई.