उजवीकडचा खिसा

चिकपेट, शनिवार संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. दर शनिवारी अप्पांच्या साड्यांच्या दुकानात बसायचं आणि दिवसभर एकच ऐकायचं, "उजव्या हातानं दे गं, गिऱ्हाईकाला डाव्या हातानं देऊ नये." मी डावखुरी आहे, हे तेरा वर्षांत यांच्या लक्षात कसं येत नाही?

आज मी स्वतः शिवलेला शर्ट घालून गेले. साड्यांचे उरलेले काठ जोडून केलाय, चार रविवार लागले. छातीवरचा खिसा मुद्दाम उजवीकडे लावला, कारण माझा डावा हात तिथंच जातो. अप्पा बघून एवढंच म्हणाले, "खिसा चुकलाय."

दुपारी साडी घेऊन झाल्यावर एका बाईंनी विचारलं, "शर्ट छान आहे हिचा, कुणी शिवला?" मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "हिनंच. स्वल्प चुकलाय, खिसा भलतीकडे गेलाय."

"चुकला नाही!"

हे मी बोलले? गिऱ्हाईकासमोर? एरवी माझा आवाज काउंटरपलीकडे जात नाही. "मी डावखुरी आहे. मुद्दाम लावलाय." आणि त्यांची पिशवी सरळ डाव्या हातानं पुढं केली. बाईंनी हसून घेतली.

घरी आल्यावर वाटलं, आता बोलणी बसणार. तर आईला सांगतात, "खिसा जरा खोल हवा होता, पेन पडेल तिचं." म्हणजे चूक काढायचीच! पण खिसा कुठल्या बाजूला, याबद्दल चकार शब्द नाही.