सोमवारचं तळं

५ जून, सोमवार

तळं पुन्हा पांढरं! सकाळी कपड्यांची पाटी घेऊन गेले तर पाण्यावर नारळाच्या दुधाचा तवंग आणि वर असा आंबूस कुबट वास की नाकाला फडकं. एक वाम पोट वर करून तरंगत होती. पोरं काठावर पाय खाजवत उभी. सगळ्यांना घरी हाकललं.

आमच्या गावात नारळाचं दूध काढतं कोण? डेनिसचा कारखाना. तळ्यापासून किती लांब? तीनशे पावलं. यात अक्कल ती काय लागते.

आणि एक गोष्ट. शनिवारी पाणी आरशासारखं, सोमवारी ही दशा. म्हणजे रविवारी सोडतात. आपल्या सामोआत रविवारी सगळं गाव चर्चमध्ये, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. चोराला याहून चांगला वार कुठला मिळणार? चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या चोऱ्या पकडल्या मी. माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचाय.

७ जून, बुधवार

पेसामिनोला बोलावून घेतलं. माझ्या बहिणीचा मुलगा, कारखान्यातल्या युनियनचा सेक्रेटरी. म्हटलं, तुझा मालक तळ्यात घाण सोडतो, काही बोलशील की नाही?

"मावशी, तू जरा गप्प बस. एकशे चाळीस घरांच्या चुली आहेत त्या कारखान्यावर."

"आणि तळं?"

"पगारवाढीची बोलणी चालू आहेत. ती होऊ दे, मग तळ्याचं बघू."

मी विचारलं, युनियन कामगारांची आहे की डेनिसची? तर म्हणतो, "तुला व्यवहार कळत नाही." व्यवहार! हे बोलताना माझ्या हातचा भाजलेला नीरफणस चालला होता. अख्खा संपवला. मी वाढतच राहिले, हा माझा मूर्खपणा.

९ जून, शुक्रवार

खासदार आपेरामो आला होता. पांढरी गाडी, पांढरा सदरा, इस्त्रीची लुंगी. निवडून आल्यापासून गावात दुसऱ्यांदा. सभेत पंचांपुढे भाषण. नागरिकांचं आरोग्य हा म्हणे त्याच्या काळजाचा विषय. उपाय काय, तर तळं बुजवायचं! वर व्हॉलीबॉलचं मैदान, कडेला बाकं. नावाचा फलकही लागणारच, ते वेगळं सांगायला नको. कारखान्याबद्दल अवाक्षर नाही. मी बाहेरून ओरडून विचारलं, तर म्हणाला, "गुरुजीबाई, उद्योजकांना घाबरवून देश पुढे जात नाही."

याला तिसरीत मी शिकवलंय. पाढे तेव्हाही मधूनच म्हणायचा.

पंच ३० तारखेला निर्णय घेणार.

१० जून, शनिवार

हे पंचांत बसतात. म्हटलं, तुम्ही काय बोललात? तर, "घरोघरी नळ आहे ना आता. मैदान झालं तर वाईट काय?"

वाईट काय! माझ्या आईने मला त्या पाण्यात धरून तरंगायला शिकवलं. मी माझ्या तिघींना शिकवलं. नवऱ्यावर चिडलेली, पोर गमावलेली, परगावाहून नांदायला आलेली, गावातली प्रत्येक बाई तिथे गळ्यापर्यंत पाण्यात बसून मोकळी झालेली आहे. ते नळाखाली होत नाही. मला त्या तळ्याची माया आहे, आणि ते बुजवलं तर मी या गावाला कधी माफ करणार नाही.

ह्यांच्याशी अबोला धरला आहे.

१२ जून, सोमवार

तळं पांढरं. आज दोन वामी मेल्या.

अबोला तिसऱ्या दिवशी ह्यांच्या लक्षात आला. "तुझा घसा बसलाय का?"

१४ जून, बुधवार

सापडलं! भांडी घासता घासता सापडलं.

तीन वर्षांपूर्वी कारखान्याच्या उद्घाटनाला पंचांनी डेनिसला मताई केलं. न्यूझीलंडचा माणूस, पण गावाने त्याला घराच्या कर्त्याची उपाधी दिली, गळ्यात माळा, दहा डुकरं कापली. त्याला वाटलं, पदक मिळालं. फोटो कचेरीत लावला, डब्यांच्या कागदावरही छापला.

पण मताई म्हणजे घर आलं. आणि गावात घर आहे म्हटल्यावर तपासणी आली! महिला समिती दर महिन्याला घरोघर जाते. चादरी, ताटवाट्या, संडास, कचऱ्याचा खड्डा, सगळं बघते. नापास झालेल्या घराला दंड. माझ्या आजीच्या काळापासून चालत आलंय आणि यातून पंचही सुटत नाहीत. मागच्या वर्षी आमच्याच घराला उघड्या खड्ड्याबद्दल दंड झाला, मीच लावला.

समितीची अध्यक्ष कोण? मी. खासदार नको, युनियन नको, कोर्ट नको. डेनिसच्या घराची तपासणी होणार!

महिन्याची फेरी २९ ला असते. पण कारखाना मोठं घर, त्याला वेगळा दिवस देऊ. २१ तारीख.

१९ जून, सोमवार

तळं पांढरं. असू दे. दोन दिवस उरले तुझे, डेनिस.

२१ जून, बुधवार

बारा बायका, समितीचा हिरवा पोशाख, केसांत फुलं, पुढे मी, हातात रजिस्टर. फाटकावरचा पहारेकरी आमच्या समितीतल्या लुपेसीनाचा दीर. त्याने अडवायच्या आधीच लुपेसीना म्हणाली, "भावजी, फाटक उघडा, नाहीतर पुढच्या आठवड्यात तुमच्या घरी आम्हीच येणार आहोत." उघडलं.

डेनिस धावत आला. वाटलं होतं भांडेल. छे! घरात शिरून लुंगी नेसून आला, मोडक्यातोडक्या सामोअनमध्ये स्वागताचे दोन शब्द बोलला, चहा-बिस्किटं मागवली. म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही कधी येणारच नाही."

सगळं बघितलं. मग मी विचारलं, घाण पाणी कुठे जातं?

त्याने मागच्या अंगणात नेलं. त्या पाण्याने भरलेली निळी पिंपंच पिंपं आणि पुढे रांग! डुकरं पाळणारे लोक फुकट भरून नेतात, थेंब शिल्लक राहत नाही. पूर्वीचा पाइप होता, त्याच्या तोंडात खेकड्याने घर केलंय. कोरडा ठणठणीत. "रविवारी?" मी विचारलं. रविवारी कारखान्याला कुलूप, चावी लुपेसीनाच्या दिराकडे, आणि तो चर्चमध्ये माझ्याच मागच्या बाकावर असतो.

नेणाऱ्यांची यादी भिंतीवर होती. तिसरं नाव आमच्या ह्यांचं. यंदा डुकरं एवढी कशी माजली, याचं मला कौतुक वाटत होतं!

पेसामिनो दारात उभा राहून हसत होता. "मावशी, मग? बंद करू का कारखाना?"

रिकाम्या हाताने परत जाणं शक्य नव्हतं. हात धुवायच्या जागेचा टॉवेल कळकट होता. डबाबंद माशांची एक पेटी दंड लावून आले.

२२ जून, गुरुवार

टॉवेल खरंच घाणेरडा होता.

२३ जून, शुक्रवार

गावभर हसू. दुकानात गेले तर दुकानदाराने आधी टॉवेल लपवला.

हसा. मी चुकले, ते मान्य. पण तळं सोमवारी पांढरं होतं, हे तर चुकीचं नाही ना? चोर दुसरा आहे, एवढाच त्याचा अर्थ. रविवारी चर्चला जाणार नाही. ह्यांना सांगितलं, गुडघा दुखतोय. चाळीस वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता मी.

२५ जून, रविवार

सकाळी नऊला छत्री घेऊन काठावर बसले. चर्चमधून गाणी ऐकू येत होती, माझ्याशिवाय वरचा सूर पडत होता. पाणी निवळ, तळाचे खडे मोजावेत.

साडेअकराला प्रार्थना सुटली. मग नेहमीप्रमाणे पाहुणे, पंच, गायकमंडळी सगळे पाळकसाहेबांकडे जेवायला, त्यांच्या घरामागच्या नव्या हॉलमध्ये. अळूच्या पानांत शिजवलेलं नारळाचं दूध, अळकुड्या, डुक्कर. दीड वाजता तिकडे भांड्यांचा आवाज सुरू झाला.

दोनला पाणी गढुळलं. कारखान्याच्या बाजूने नाही. वरच्या बाजूच्या खडकात जी भेग आहे, जिथून झरा येतो, तिथून. आधी साबणाचा फेस. मग नारळाच्या दुधाचा तवंग. मग संडासाचं पाणी.

पुढचं लिहवत नाही. उठून घरी आले. गुडघा खरंच दुखायला लागला होता.

२५ जून, संध्याकाळ

लिहायलाच हवं.

तो हॉल मागच्या वर्षी मतदानाच्या आधी तीन आठवड्यांत उभा राहिला. मोठं स्वयंपाकघर, सहा संडास. पैसा आपेरामोचा, सिमेंट डेनिसचं, मजुरी युनियनची, शनिवारी शनिवारी फुकट. दारावर संगमरवरी पाटी, तिघांची नावं सोनेरी अक्षरांत. टाकी बांधायला वेळ नव्हता, म्हणून खड्डा केला आणि पाइप सोडला. खाली काय आहे? जुन्या ज्वालामुखीचा दगड, चाळणीसारखा. त्यातूनच आपला झरा येतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पाटीवर चौथं नाव आहे. महिला समिती. कारण मागणीचा अर्ज आमचा होता. माझ्या अक्षरात. "परगावच्या पाहुण्यांची गैरसोय होते." टाकीचं मी विचारलं नाही. फीत कापताना टाळ्या मात्र सगळ्यांत मोठ्या वाजवल्या.

२६ जून, सोमवार

एकेकाला विचारून आले.

पेसामिनो : "युनियनने फक्त भिंती बांधल्या, मावशी. जमिनीखालचं आमच्याकडे नव्हतं." डेनिस : "मी सिमेंट दिलं, पाइप नाही." खासदार फोनवर : "मी फक्त फीत कापली, गुरुजीबाई. आणि तळं बुजवलं की प्रश्नच मिटतो ना!"

तिघांचं एकमत. यांचं पगारवाढीवर कधी झालं नाही ते.

ह्यांना सांगितलं, तर चेहरा पांढरा पडला. "पाळकांच्या घराकडे बोट दाखवणार तू? देवाचा माणूस आहे." मी म्हटलं, बोट नाही दाखवणार, तपासणी करणार. हे उठूनच गेले.

कारण पाळकांचं घर आम्ही तपासत नाही. कधीच नाही. पहिला मासा त्यांना, पहिलं फळ त्यांना, आणि त्यांच्या कपाटाकडे नजर टाकायची नाही. आजीने सांगितलं, आईने पाळलं. गावातलं तेवढं एकच घर आमच्या रजिस्टरमध्ये नाही.

२८ जून, बुधवार

समितीची बैठक. खडकातल्या भेगेचं सांगितलं. मग म्हटलं, उद्याच्या फेरीत एक घर वाढवू. अकराच्या अकरा बायकांना एकदम काही ना काही झालं. कुणाची कंबर, कुणाची सून बाळंतपणाला. लुपेसीना तेवढी खरं बोलली, "मला भीती वाटते गं. शाप लागला तर?"

मलाही वाटते. लिहून ठेवते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. पण परवा पंच बसणार आणि तळ्यात दगड पडायला लागणार. पाळकसाहेब रागावले तर रागावू देत. गावाने वाळीत टाकलं तर टाकू दे. अर्ज मी लिहिला होता, दारातही मीच जाणार.

२९ जून, गुरुवार

एकटी गेले.

पाळकीणबाई दारातच उभ्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत हात धरून आत नेलं. चटईवर धुतलेल्या चादरी घडी करून मांडलेल्या, ताटं उपडी, सगळी कपाटं उघडी.

"एकवीस वर्षं झाली या गावात," त्या म्हणाल्या. "दर तपासणीला पहाटे उठून हे मांडते. तुम्ही बायका कुंपणापर्यंत हसत येता, आणि मला बघून आवाज खाली करून वळता. मी दुपारी पुन्हा उचलून ठेवते."

मी रजिस्टर घेऊन चटईवर टेकले. हॉलचं सांगितलं. त्यांना वर्षभर वास येतोय. पण गावाच्या दानाला नाव कसं ठेवायचं, म्हणून दोघं गप्प. पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन संडासांना आणि स्वयंपाकघराला कुलूप घातलं. उद्या पंचांपुढे तेच बोलणार आहेत, टाकी होईपर्यंत रविवारचं जेवण बंद.

मग पाळकीणबाई माझ्याशेजारी चटईवर बसल्या, रजिस्टरमध्ये डोकावल्या आणि विचारलं, "मग आम्हाला दंड किती?" दंड विचारताना इतका आनंदलेला चेहरा मी आजवर कुणाच्या घरी पाहिला नाही.