घडवणारा, मोजणारी आणि मागची पायरी

मी, कॉरिन एडिथ ट्रेसिक, वय सेहेचाळीस, राहणार बर्नी, टास्मानिया, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पुढच्या महिन्यात होबार्टला माझ्या मेंदूलगतच्या गाठीची शस्त्रक्रिया आहे, त्यामुळे हे वाक्य मी जरा जपूनच लिहिले आहे.

१. माझी कॉलेजमधली मैत्रीण मेरेडिथ क्वेल हिने या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. ती वकील आहे. मधले शेरे काढून टाक, असे तिने दोनदा सांगितले. मी काढलेले नाहीत. मागे कारणे राहिली नाहीत तर लोक स्वतःची कारणे घालतात.

२. बँकेतली शिल्लक, अंत्यविधीचा खर्च वजा जाता, मी जिथे नोकरी करते त्या वाचनालयाला द्यावी. ती वाचनकक्षात हीटर बसवण्यासाठीच वापरावी. गालिचा घेऊ नये. ही सूचना कुणासाठी आहे ते त्यांना कळेल.

३. अंगणातले लिंबाचे झाड शेजारच्या नोएलीन प्रॅट यांच्या नावे करायचे होते, पण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असा मेरेडिथचा सल्ला आहे. फळे त्या तशाही कुंपणावरून घेतातच. त्यांना कुणी अडवू नये.

४. ‘ओसरविन’ या संगणकावरच्या खेळातले माझे पात्र. कंपनीच्या नियमाप्रमाणे खाते दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून मी ते देत नाही. फक्त एक विनंती करते, आणि त्यासाठी थोडे सांगावे लागेल.

ओसरविनच्या जगाच्या पश्चिम टोकाला एक दगडी जिना आहे. तो वर चढतो आणि मधेच संपतो. पुढे काहीच नाही. खेळातल्या पोथ्यांत एकाच देवाचा उल्लेख येतो, घडवणाऱ्याचा. तो काम अर्धवट टाकून मेला, म्हणून जिना अपुरा, असे एक मत आहे. माझे मत असे की देव दोन होते. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत, म्हणजे कुणीतरी मोजत होते. तिला आम्ही मोजणारी म्हणतो. त्या दोघांचे बिनसले आणि काम थांबले. कथा लिहिणाऱ्यांनी खरे काय ते कधीच सांगितले नाही, म्हणून खेळाडूंच्या इंटरनेटवरच्या फोरमवर वाद चालू राहतो.

एक देव मानणाऱ्यांत सर्वांत चिवट माणूस ‘शेवाळ’ या नावाने लिहितो. प्रत्येक उत्तराची सुरुवात तो ‘असेल, पण’ अशी करतो. जेवणाच्या टेबलावर माझा धाकटा भाऊ लॉइड अशीच सुरुवात करायचा, त्यामुळे मी त्याला पहिल्याच आठवड्यात ओळखले. आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. आईला वृद्धाश्रमात ठेवावे असे त्याचे म्हणणे होते, घरीच ठेवावे असे माझे. कोण बरोबर होते हे मला अजून ठरवता आलेले नाही. दर रविवारी आम्ही देवांवर मात्र भांडतो.

हे ऐकून नोएलीन म्हणाल्या, “एक का दोन, यावर सहा वर्षं? आणि तेही खेळातल्या देवांवरून? अगं, आमच्या चर्चमध्ये खऱ्याला कुणी एवढा वेळ देत नाही.”

मी म्हटले, आईवरून भांडायला आम्हाला जमत नव्हते.

आम्हा खेळाडूंत रीत अशी की कुणी कायमचे गेले तर त्याचे पात्र त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसवतात आणि सोबती शेजारी दिवा ठेवतात. एक देव मानणारे उजवीकडे, दोन मानणारे डावीकडे. होबार्टला जाण्याआधी माझे पात्र मीच तिथे बसवून ठेवीन. लॉइडने दिवा ठेवावा. मी गेले म्हणून दया येऊन तो डावीकडे ठेवू नये.

५. माझ्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, लॉइडला परत द्यावे. ‘परत’ हा शब्द विचारपूर्वक लिहिला आहे. एका हिवाळ्यात मला ओसरविनच्या देवळात प्रत्येक खांबाला तिसरी सावली दिसू लागली. तिथे चंद्र दोनच आहेत. यावरून मी तिसरा देव सिद्ध केला आणि त्यावर पानेच्या पाने लिहिली. शेवाळने दाखवून दिले की ती सावली फक्त मी टाकलेल्या माझ्या पडद्याच्या चित्रांत आहे. “असेल, पण तुमचा तिसरा देव तुमच्या कार्डात राहतो,” त्याने लिहिले. “पंखा साफ करा.” फोरम आठवडाभर हसत होता.

त्यानंतर दारात एक खोके आले. आत नवे कार्ड होते. पाठवणाऱ्याचे नाव नव्हते, पोस्टाचा शिक्का डेव्हनपोर्टचा होता. लॉइड तिथे राहतो, आणि फोरमवर माझा पत्ता दुसऱ्या कुणालाही माहीत नाही. नवे कार्ड बसवताच तिसरा देव नाहीसा झाला. मी आभार मानले नाहीत. मानले असते तर आम्ही एकमेकांना ओळखतो हे कबूल करावे लागले असते, आणि मग रविवारही गेले असते अशी मला भीती वाटली. ते आभार येथे मानते.

६. घर आईने आम्हा दोघांना निम्मे निम्मे दिले. माझा निम्मा हिस्सा लॉइडला द्यावा. बाबांची सुतारकामाची पेटीही त्यालाच द्यावी. पहिल्या मसुद्यात मी अट घातली होती, की त्याने शस्त्रक्रियेपूर्वी मला येऊन भेटावे. ती मी काढून टाकली. घर देऊन आणलेला भाऊ स्वतःहून आला असता का, हे मला कधीच कळले नसते. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. बाबांनी बांधलेल्या मागच्या जिन्याची सर्वांत खालची पायरी ते बसवू शकले नाहीत. तिथे पायरी म्हणून अजून दुधाच्या बाटल्यांचा खोका आहे. घेणाऱ्याला तेवढे सांगावे.

७. हे कलम टंकलेखनानंतर हाताने लिहिले आहे. वरची अट मी याआधीच काढली होती, हे दोन्ही साक्षीदारांना माहीत आहे.

रविवारी मी फोरमवर विचारले, घडवणारा एकटा होता तर त्याने पायऱ्या मोजल्या कशा? फितीचे दुसरे टोक कुणी धरले? खाली लिहिले, की डोक्याची शस्त्रक्रिया असल्याने काही काळ उत्तर देता येणार नाही.

शेवाळचे उत्तर काल आले: “असेल, पण दुसरं टोक मी धरायचो, कॉर. आकडा तू वाचायचीस. शनिवारी येतो. खोक्याच्या जागेचं माप घेऊन ठेव, फळी मी आणतो.”

माप घेतले आहे. नोएलीन यांनी दुसरे टोक धरले.

बाबा, लॉइड आणि मी मिळून तीन होतात. हे मी फोरमवर लिहिलेले नाही. शनिवारी त्याला तोंडीच सांगेन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्या दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

कॉरिन एडिथ ट्रेसिक (सही)

साक्षीदार:
१. नोएलीन प्रॅट (सही)
२. गस प्रॅट (सही)

स्थळ: बर्नी, घराच्या मागच्या जिन्याजवळ
दिनांक: १४ जून २०२३